पुस्तकं, कॉमिक्स, शॉर्ट फिल्म्स: आपलं आपण शोधायचं कसं, खास नाशिककरांसाठी

"काहीतरी चांगलं वाचायला सुचव ना" नाहीतर "डोक्याला खाद्य देईल अशी एखादी शॉर्ट फिल्म सांग" असे मेसेज मला सारखे येतात, मी नावं सांगतेही, पण दोन महिन्यांनी विचारलं की त्यातलं काहीच वाचलेलं नसतं, बघितलेलं नसतं, नावं मोबाईलमध्ये तशीच पडून असतात. मला त्यात आळस दिसत नाही. दुसऱ्याने सांगितलेल्या नावामागे आपली स्वतःची उत्सुकता नसते म्हणून ते नाव तिथेच राहतं, एवढंच. तेच स्वतः हुडकून काढलेलं पुस्तक असलं की सकाळी ऑफिस असूनही रात्री एक वाजेपर्यंत जागून वाचतो आपण. म्हणून यावेळी नावांची यादी देणार नाहीये, शोधायचं कसं ते लिहितेय, आणि नाशिकमध्ये राहून जे करता येतं त्यावरच जास्त लिहितेय कारण माझं सगळं शोधणं इथेच झालंय.

मुळात करायचं एकच आहे. जे आवडलं त्यातला एक धागा पकडायचा आणि तो जिथे नेईल तिथे जायचं. मग तो पुस्तकातून कॉमिकमध्ये गेला, कॉमिकमधून फिल्ममध्ये गेला, परत आपल्याच गल्लीत आला तरी चालेल, उलट तेच हवंय. "मी फक्त कादंबऱ्या वाचते" किंवा "कॉमिक्स लहान मुलांची" असल्या भिंती आधी पाडून टाका, धाग्याला त्या कळत नाहीत.

यासाठी एक वही लागेल. साधी, दोनशे पानी, शाळेची चालेल. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहू नका असं माझं स्पष्ट मत आहे कारण तिथे लिहिलेलं आपण परत उघडत नाही, वही टेबलावर डोळ्यासमोर असते. एका पुस्तकाला किंवा फिल्मला एक पान द्यायचं आणि त्यावर तीन गोष्टी लिहायच्या. एक म्हणजे लेखक किंवा दिग्दर्शक सोडून अजून कोणाकोणाची नावं दिसतात, म्हणजे अनुवाद कोणाचा, मुखपृष्ठ कोणाचं, संपादक कोण, कॅमेरा कोणाचा, आवाजाचं काम कोणाचं. दुसरं, आत कुठल्या दुसऱ्या पुस्तकाचा, माणसाचा, गावाचा उल्लेख आला. तिसरं, संपल्यावर डोक्यात कुठला प्रश्न राहिला. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक लिहीत नाहीत. "छान होतं" लिहून थांबतात. छान होतं यातून पुढे जायला रस्ता नाही, पण "हा माणूस नक्की होता कोण" असं लिहिलंत की पुढचं पुस्तक आपोआप समोर येतं.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते माझ्याच वहीतल्या एका धाग्यावरून सांगते, थोडं सविस्तर सांगते कारण इथेच सगळी पद्धत कळते.

नाशिकमध्ये शाळेत गेलेल्या प्रत्येकाला २१ डिसेंबर १९०९ माहीत असतं. विजयानंद नाट्यगृहात, शारदा नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. शाळेत गोष्ट तिथे संपते आणि पुढे कान्हेरेंची फाशी येते. मी याबद्दल एकदा वाचत होते तेव्हा हा जॅक्सन संस्कृत जाणणारा अभ्यासक होता असा उल्लेख दिसला, आणि वहीत प्रश्न लिहिला गेला की कलेक्टर असलेला हा माणूस अभ्यास कशाचा करत होता? शोधत गेल्यावर कळलं की तो लोकांच्या समजुती, व्रतं, भुतंखेतं, विहिरी आणि झाडांबद्दलच्या श्रद्धा असलं सगळं जमा करत होता, आणि तो गेल्यावर ते साहित्य आर. ई. एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित करून दोन भागांत छापलं. दुसरा भाग कोकणावरचा, १९१५ चा. पुस्तक इंग्रजीत आहे, जुनं असल्याने आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट वाचता येतं. आणि वाचताना मला सगळ्यात जास्त कशाने धरून ठेवलं असेल तर त्यातल्या तळटीपांनी, कारण जवळजवळ प्रत्येक माहितीखाली अमक्या गावचा शाळामास्तर असं लिहिलंय. म्हणजे गावोगावच्या मराठी शाळेच्या मास्तरांनी आपापल्या गावात कुठल्या झाडावर मुंज्या आहे, पाऊस नाही पडला तर काय करतात, दृष्ट कशी काढतात हे लिहून पाठवलं होतं. नाव इंग्रज साहेबाचं आणि लिहिणारे आपले मास्तर.

यातून पुढचा प्रश्न सरळ होता, की मग मराठीत हा अभ्यास कोणी केला? तिथे दुर्गा भागवत भेटल्या. त्यांचं ऋतूंवरचं पुस्तक बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं पण त्या मूळच्या लोकसाहित्याच्या अभ्यासक, 'लोकसाहित्याची रूपरेषा' हे त्यांचं पुस्तक १९५६ चं, वाचायला वाटतं तितकं जड अजिबात नाही. त्या मध्य भारतातल्या आदिवासी भागात स्वतः फिरलेल्या, गोंडांमध्ये राहून काम केलेल्या. आता गोंड म्हटल्यावर मला त्यांची चित्रं बघावीशी वाटली, चित्रं शोधताना दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ही परधान गोंड चित्रकारांची जोडी सापडली, आणि त्यांनी काढलेलं 'भीमायन' हे बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ग्राफिक पुस्तक, २०११ चं.

इथे मी अडकले ती अडकलेच. कॉमिक म्हणजे चौकोनी खिडक्या एकापुढे एक, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या पुस्तकात चौकोनच नाहीत, गोंड लोक भिंतीवर आणि अंगणात जी नक्षी काढतात तिनेच पान विभागलंय, त्यामुळे पानात श्वास घ्यायला जागा आहे. बोलण्याचे फुगे तर बघाच. साधं, आपुलकीचं बोलणं असेल तर फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी जातीयवादी बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातला विचार असेल तर फुग्यात डोळा. एकही शब्द वाचता आला नाही तरी कोण काय मनाने बोलतंय ते लहान पोराला कळेल. आणि वाचून संपल्यावर वहीत काय लिहिलं गेलं असेल तर काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला सुरू झालेला बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, आपल्या पंचवटीतला. त्यावरून नाशिकचं दलित साहित्य, त्यावरून बाबुराव बागूल, ज्यांचा जन्म इथला, विहितगावचा, आणि ज्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ ला आला. विजयानंदपासून निघालेला धागा काळारामला आणि तिथून विहितगावला आला, मधे इंग्रजी रिपोर्ट, मराठी अभ्यासग्रंथ, ग्राफिक पुस्तक, कथासंग्रह सगळं होऊन गेलं. असा प्रवास कुठल्याही टॉप टेनमध्ये मिळणार नाही कारण तो दुसऱ्या कोणाचा नसतोच.

तुमच्याकडे सुरुवातीला धागाच नसेल तर आपल्या शहरातून घ्या. सानेगुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत. हे वाचून तुरुंगात लिहिलेली अजून कुठली पुस्तकं असतील हा प्रश्न पडला की तिथून अख्खं वर्ष जाईल. ज्याला कविता आवडतात त्याने कुसुमाग्रजांपासून निघावं पण त्यांच्या स्वतःच्या ओळींवर थांबू नये, त्यांनी ज्यांचे अनुवाद केले, ज्यांच्यावर लेख लिहिले तिकडे जावं.

लायब्ररीत गेल्यावर काय करायचं

सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४० चं आहे. एवढी जुनी लायब्ररी गावात असताना लोक ऑनलाइन पुस्तकांचे फोटो बघत बसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेंबर नसाल तर आधी व्हा, सावाना लांब पडत असेल तर तुमच्या भागातली छोटी लायब्ररी बघा, नाशिकरोडला सिडकोत इंदिरानगरला कुठे ना कुठे असतेच.

काउंटरवर "चांगलं काय आलंय" असं विचारू नका, उत्तर म्हणून तुम्हाला तेच मिळेल जे सगळे नेतात. त्याऐवजी नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा बघायला मागा, तो अजून कपाटात लागलेला नसतो, त्यात गावातली माणसं आत्ता काय वाचतायत ते दिसतं आणि ते दुकानातल्या बेस्टसेलरपेक्षा खूप वेगळं असतं. अजून एक म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची सवय लावा, जिथे अजून ती असते तिथे. ज्या पुस्तकावर एकेकाळी दर पंधरा दिवसांनी शिक्का पडत होता आणि मग एकदम बंद झाला, असं पुस्तक मी न चुकता घरी आणते. एका पिढीने भरभरून वाचलेलं आणि पुढच्या पिढीने विसरलेलं, त्यात हमखास काहीतरी असतं.

दोन पुस्तकं नेता येत असतील तर एक ठरवून न्या आणि दुसरं त्याच्या शेजारचं न्या. शेजारचं म्हणजे अक्षरशः शेजारचं, कपाटात हात लावता येत असेल तर. आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका, संध्याकाळी सहा-सातला काउंटरवरच्या ताईंना मान वर करायला वेळ नसतो, दुपारी जा, निवांत बोलतात. एकदा मी नुसतं विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः शेवटचं काय वाचलंत?" तर त्या हसल्या, म्हणाल्या, "अगं हे मला कोणी विचारतच नाही," आणि आतून दोन पुस्तकं घेऊन आल्या. ती दोन्ही मला माहीतसुद्धा नव्हती.

मासिकांचे बांधीव खंड जिथे असतील तिथे ते मागून बसा. जुन्या मासिकात गोष्ट एकीकडे आणि प्रकाशकांच्या जाहिराती दुसरीकडे, त्या जाहिरातींमध्ये त्या काळी आलेल्या पुस्तकांची नावं असतात, आज कुठेच ऐकू न येणारी. दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ ला मनोरंजन मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि आपण मात्र अंक दिवाळीच्या आठवड्यात चाळून ठेवून देतो. दिवाळी अंक डिसेंबर-जानेवारीत वाचा, लायब्ररीत तेव्हा मागणी कमी झालेली असते, सावकाश वाचता येतो. आणि कथा आवडली की लेखकाच्या नावापाशी थांबा, वहीत लिहा, मग त्याचं पुस्तक मागा. अनुवादित कथा असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांची नावं लिहा, चांगला अनुवादक सापडला की तो आयुष्यभर चांगली पुस्तकं आणून देतो.

सोसायटीत दहा-बारा वाचणारी घरं असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेची चौकशी करा, ही २००९ ला आपल्या नाशिकमधूनच सुरू झाली. पुस्तकांची पेटी गटाकडे येते, सगळ्यांनी वाचून झाली की बदलून दुसरी येते. मला यात आवडतं ते हे की पेटीतली निवड आपली नसते, त्यामुळे आपण स्वतःहून कधीच उचललं नसतं असं पुस्तक हातात पडतं.

आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, यशवंतराव महाराज पटांगणावर, संध्याकाळी. तिथे वही घेऊन बसा. वक्ता काय सांगतो ते तर ऐकाच पण बोलताना तो ज्या ज्या पुस्तकाचं नाव घेतो ते लिहून घ्या. मोठ्या अभ्यासकाने दोन वाक्यांत उल्लेख केलेलं पुस्तक हे बऱ्याचदा त्याच्या अख्ख्या भाषणाचं मूळ असतं.

कॉमिक्स, म्हणजे रद्दीवाला

जुनी मराठी कॉमिक्स नवीन दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन मिळाली तर किंमत ऐकून गप्प बसावं लागतं. रद्दीच्या दुकानात मात्र अजूनही सापडतात, फक्त वेळ साधावी लागते. दोन हंगाम लक्षात ठेवा. दसरा-दिवाळीच्या आधीची साफसफाई, तेव्हा माळ्यावरचं खाली येतं. आणि एप्रिल-मे, परीक्षा संपल्या की वह्या-पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि त्यात मोठ्या भावंडांची जुनी मासिकं असतात. नाशिकच्या जुन्या भागात, पंचवटी, रविवार कारंजा, भद्रकाली या बाजूला वाडे पडून बिल्डिंगा होतायत, वाडा रिकामा होतो तेव्हा काय काय बाहेर येतं ते रद्दीवाल्यालाच माहीत असतं, म्हणून एका रद्दीवाल्याशी ओळख ठेवा, दहा दुकानं फिरण्यापेक्षा ते बरं.

गठ्ठा सुतळीने बांधलेला असतो, तो सोडायला सांगण्याआधी बाजूने बघा. वर्तमानपत्रांच्या घड्या एकसारख्या असतात, त्यात मधेच पातळ, छोट्या आकाराचा, रंगीत कडा असलेला थर दिसला तर तिथे हात घाला. "भाऊ, हे तेवढं काढून देता का, किलोने नको, नगावर घेते" असं म्हटलं की ते खुश आणि आपणही खुश. घासाघीस फार करू नका, पुढच्या वेळी त्याने आपल्यासाठी बाजूला काढून ठेवावं असं वाटत असेल तर अजिबातच करू नका.

विकत घेण्याआधी मधलं पान उघडून बघा कारण पिना गंजून मधली पानं सर्वात आधी निघतात. मग शेवटचं पान आहे का ते बघा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० एवढी वर्षं निघाली, त्यातले वेताळ आणि मँड्रेक हे नायक बऱ्याच घरांत होते, त्यामुळे अंक मिळतात पण पूर्ण अंक कमी मिळतात. अमर चित्र कथा १९६७ ची, ती अजून छापतात, त्यामुळे तिच्या जुन्या प्रतीसाठी फार जीव टाकायची गरज नाही. मी जास्त शोधते ते चांदोबा आणि किशोरचे जुने अंक. किशोर बालभारतीचं, १९७१ पासूनचं, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. चित्रांसाठी म्हणून ते चाळा, मराठीतल्या केवढ्या मोठमोठ्या चित्रकारांनी मुलांसाठी काम केलंय ते बघून थक्क व्हाल.

घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप पिवळी पडते, चिकट होते आणि कागदाचा रंग घेऊन निघते. गंजलेली पिन हळूच काढून पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घाला, बस. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते म्हणून भिंतीला टेकून ठेवू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर कोंबूच नका, आत दमट राहून बुरशी धरते. कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, उभी, थोडी सैल, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की एखादा दिवस सावलीत वाऱ्याला पसरा, थेट उन्हात नको, रंग उडतो.

वाचायची पद्धत पण सांगते कारण कॉमिक दहा मिनिटांत संपलं म्हणून लोक त्याला हलकं समजतात. पहिल्यांदा एकही शब्द न वाचता फक्त चित्रं बघत शेवटपर्यंत जा. गोष्ट कळते का बघा. मग दोन चौकोनांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघा, तिथे किती वेळ गेलाय ते स्वतःला विचारा, कधी डोळ्याची पापणी लवण्याएवढा, कधी दहा वर्षं, आणि ते आपलं आपणच भरून काढत असतो. मग तिसऱ्यांदा शब्दांसकट वाचा. जे कॉमिक तिसऱ्यांदाही काही नवीन देतं ते ठेवा, बाकीची मुलांना देऊन टाका, मुलं ती आपल्यापेक्षा चांगली वाचतात.

शॉर्ट फिल्म्स

यात धागा शोधायला नाशिककराला कुठे लांब जायला नको. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०, आणि गेलेही नाशिकलाच, १९४४ मध्ये. राजा हरिश्चंद्र १९१३ ला आला हे सगळ्यांना पाठ असतं पण त्याआधी त्यांनी एक अगदी छोटी फिल्म केली होती ती फारशी कोणाला माहीत नसते. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि एकेक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, घेत गेले, महिनाभराहून जास्त. पडद्यावर मिनिटभरात बी फुटतं, कोंब वर येतो, वेल होते. 'अंकुराची वाढ' असं नाव. हीच दाखवून त्यांनी पुढच्या सिनेमासाठी कर्ज मिळवलं. आपल्या देशातल्या सिनेमाच्या मुळाशी एक मिनिटाची शॉर्ट फिल्म आहे, आणि ती विचार करायला लावते कारण आपल्या डोळ्याला जो वेळ दिसत नाही तो ती दाखवते.

हे नुसतं वाचून सोडू नका, करून बघा. खिडकीत कुंडीत वाटाणा किंवा मेथी लावा, मोबाईल रोज त्याच वेळी त्याच जागी ठेवून एक फोटो काढा, जागा हलू नये म्हणून खाली खडूने खूण करा, उजेड रोज सारखा यावा म्हणून शक्यतो सकाळची एकच वेळ ठरवा. मेथी लवकर उगवते म्हणून मुलांसोबत करायचं तर मेथीच. फोटो ओळीने जोडून चालवले की फिल्म म्हणजे काय ते जितकं कळतं तितकं कुठल्या कोर्सने कळत नाही, आणि मग बाकीच्या फिल्म्स बघायची नजरच बदलते.

यानंतर नॉर्मन मॅक्लॅरनची 'नेबर्स' बघा, १९५२ ची, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची, त्यांच्या साइटवर फुकट आहे, आठेक मिनिटांची. दोन शेजारी, मधे एक फूल, आणि ते कोणाच्या हद्दीत यावरून भांडण. एकही संवाद नाही. त्यात जिवंत माणसांना एकेक फ्रेम थांबवून हलवलंय, म्हणजे फाळकेंनी वाटाण्याचं जे केलं तेच माणसांचं केलंय, आणि आवाजसुद्धा फिल्मच्या पट्टीवर ओरखडे काढून तयार केलाय. बांधावरून भाऊबंदकी बघितलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ती समजावून सांगायला लागत नाही. मग सत्यजित राय यांची 'टू' बघा, १९६४ ची, तीही संवादाशिवाय, बंगल्याच्या खिडकीतला श्रीमंत मुलगा आणि खाली झोपडीतला गरीब मुलगा, खेळण्यांची चढाओढ. मग मराठीत या, उमेश कुलकर्णी यांची 'गिरणी' बघा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेली, आई घरी पिठाची गिरणी आणते आणि मुलाचं काय होतं त्याची गोष्ट. गिरणीचा आवाज नीट ऐका, अर्धी गोष्ट त्या आवाजातच आहे.

पुढे कसं शोधायचं तर दोन रस्ते. आवडलेल्या मोठ्या दिग्दर्शकाने शिकत असताना कुठली छोटी फिल्म केली ते बघा, बऱ्याचदा पुढच्या सगळ्या कामाचं बीज तिथे उघडं दिसतं. आणि दुसरा, शेवटची नामावली पूर्ण बघा, संकलन आणि ध्वनी कोणाचा ते लिहा, त्या नावाने शोधा. व्ह्यूज बघून निवडू नका. लाखो व्ह्यूजवाल्या बऱ्याच शॉर्ट फिल्म्स शेवटी एक धक्का देतात आणि मग संदेश वाचून दाखवतात, दुसऱ्यांदा बघावीशी वाटत नाही कारण धक्का एकदाच लागतो. चांगली फिल्म दुसऱ्यांदा जास्त उघडते, माझी परीक्षा तीच.

बघायची रीत अशी. पहिल्यांदा सलग बघा, मोबाईलवर बघत असाल तर इंटरनेटवरून उतरवून फ्लाइट मोडवर टाका. संपल्यावर कमेंट वाचायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा, हे फार महत्त्वाचं, कमेंट वाचल्या की आपलं मत कुठलं आणि त्यांचं कुठलं ते वेगळं काढता येत नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. वीस मिनिटांच्या फिल्मला तास जातो, जाऊ द्या, तीन तासांचा सिनेमा बघतोच की आपण.

चारचौघांत बघायचं असेल तर गच्चीवर पांढरी चादर, कोणाचा तरी प्रोजेक्टर, आणि पावसाळा सोडून कुठलाही शनिवार. एका संध्याकाळी एकच फिल्म लावा, फार तर दोन, पाच लावल्यात की कुठलीच राहत नाही. संपल्यावर ज्याने निवडली त्याने सगळ्यात शेवटी बोलायचं असा नियम ठेवा, नाहीतर तो आधी समजावून सांगतो आणि बाकीचे मान डोलवतात. पहिलं बोलायला मुलांना किंवा घरातल्या आजी-आजोबांना सांगा. आमच्याकडे 'नेबर्स' लावली तेव्हा शेजारच्या आजी पहिल्यांदा बोलल्या, "ते फूल तर कोणीच बघितलं नाही रे बाबांनो," आणि त्यावर तासभर बोलणं चाललं.

राहिलं न आवडलेल्याचं. पन्नासेक पानांत पुस्तक धरत नसेल तर खुशाल सोडा पण सोडताना वहीत का ते लिहा. "भाषा जड", "सगळी पात्रं सारखीच बोलतात", "मला या विषयाची तयारी नाही". शेवटचं कारण असेल तर ते पान दुमडून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी परत उघडा, बागूलांच्या कथा मला पहिल्यांदा झेपल्या नव्हत्या, काळाराम सत्याग्रहाबद्दल वाचून गेल्यावर झेपल्या.

आणि आवडलेलं दुसऱ्याला द्यायचं असेल तर ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. एका माणसाला द्या, हातात द्या, आणि त्याला नेमकं हेच का देताय ते एका वाक्यात सांगा. "तुझ्या वडिलांच्या गिरणीच्या गोष्टी सांगतोस ना, म्हणून ही फिल्म." असं सांगितलं की तो बघतो.

वही आजच आणा, आणि पहिल्या पानावर तुम्हाला शेवटचं जे मनापासून आवडलं त्याचं नाव आणि त्याखाली एक प्रश्न लिहा. प्रश्न सुचत नसेल तर मुखपृष्ठ कोणी केलंय तेवढं बघून लिहा, तिथूनही सुरुवात होते.